डहाणूचें पाणी आणि झोपाळ्याची फळी

मुंबईहून उत्तरेस जातांना विरार सोडलें कीं मुंबई संपली, असें पूर्वीं म्हणत असत. आतां तें खरें राहिलें नाहीं. २०१३ सालापासून लोकल गाड्या डहाणू रोडपर्यंत जाऊं लागल्या आणि सफाळें, केळवें रोड, पालघर, बोईसर, वाणगांव हीं स्थानकें, जीं आमच्या पिढीनें वेळापत्रकाच्या कोपऱ्यांत वाचलीं होतीं, तीं रोजच्या जाण्यायेण्यांतलीं झालीं. तरी पण वैतरणेच्या पुलावर गाडी आली, दोहों अंगांस पाणी आणि खाजणें दिसूं लागलीं, कीं प्रवाशाच्या मनाची धांव आपोआप मंदावते. पूर्वेस डोंगरांच्या तुटक रांगा, पश्चिमेस ताड, मध्यें भाताचीं खाचरें. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा ठाण्यापासून निराळा जिल्हा झाला. आमच्या कपाटांतील जुन्या नकाशांत मात्र तो अद्याप ठाण्यांतच नांदतो आहे.

डहाणू म्हणजे चिकू, एवढेंच बहुतेकांस ठाऊक असतें. तें खोटें नव्हे. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला आणि घोलवड-बोर्डीकडील इराणी-पारशी मंडळींच्या बागा पाहिल्या म्हणजे तो यथायोग्य होता हें पटतें. परंतु मुलांच्या वाढदिवसास जे रबरी फुगे आपण फुगवितों, त्यांचे कारखानेही या गांवांत आहेत, ही गोष्ट फारशी कोणाच्या कानावर नसते. २० जून १९९१ च्या सरकारी अधिसूचनेनें हा सबंध तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला गेला आणि कारखानदारीस मर्यादा पडली. त्यामुळेंच येथें सुरूच्या झाडांखालीं बसून अजून स्वच्छ श्वास घेतां येतो, असें आमचें मत आहे. मर्यादेची ही ढाल पुढें कितपत टिकेल हें वाढवण बंदर पुरें झाल्यावर कळेल. त्याची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजीं बसविण्यांत आली, आणि किनाऱ्यावरील कोळी मंडळींचा त्यास असलेला विरोध आम्हीं चहाच्या दुकानांत बसून पोटभर ऐकला.

गांवांत कोठेंही उभे राहा, खाडीच्या अंगास औष्णिक विद्युत्केंद्राचें धुराडें दृष्टीस पडतें. त्याची उंची सुमारें २७५ मीटर. १९९५ च्या सुमारास चालू झालेल्या या केंद्रांत अडीचशे मेगावॅटचे दोन संच आहेत आणि त्यांची वीज मुंबईच्या उपनगरांस जाते. कोळशानें पाण्याची वाफ करावी, वाफेनें चाकें फिरवावींत, हें शाळेंतील मुलांसही सांगतां येतें. पण फिरवून झालेल्या वाफेचें पुनः पाणी करावें लागतें, आणि तेवढ्यासाठीं समुद्राचें पाणी आंत घेऊन नळ्यांच्या रानांतून फिरवून परत सोडावें लागतें, हें मुलांस सांगावयाचें बहुधा राहून जातें. आंतलें शुद्ध पाणी आणि बाहेरचें खारें पाणी यांची गांठ पडते ती धातूच्या पातळ भिंतीआडून. एकाचा थेंब दुसऱ्यांत जातां कामा नये. जितकी वीज निघते तितकीच, किंबहुना तीहून अधिक उष्णता या मार्गानें समुद्राच्या पदरांत टाकली जाते. वाचकांनीं हें चित्र ध्यानांत ठेवावें, कारण याचीच लहान आवृत्ति पाहण्याचा योग आम्हांस याच गांवांत यावयाचा होता.

आमचें या खेपेचें जाणें हवापालटासाठीं नव्हतें. घरांत एक वाद उपस्थित झाला होता आणि त्याचा निकाल वडीलकीच्या नात्यानें आम्हीं द्यावा, असा धाकट्या बंधूंचा निरोप आला होता. वाद होता झोपाळ्याच्या फळीचा.

आमच्या वडिलांनीं डहाणूचें घर बांधलें तेव्हां ओटीवर सागवानी झोपाळा टांगला. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दीड इंच जाडीची एकच अखंड फळी. आमच्या मातोश्रींनीं तिच्यावर बसून सुमारें चाळीस वर्षें भाजी निवडली. घरांतलें प्रत्येक मूल तिच्यावर निजलें. पुढें नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत भूमि थरथरूं लागली. धुंदलवाडी आणि आसपासच्या गांवीं तर लोक थंडींत घराबाहेर तंबूंत निजूं लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं एकापाठोपाठ धक्के बसले, त्या सुमारास आमच्या ओटीच्या तुळईस चीर गेली. झोपाळा उतरविला आणि फळी माळ्यावर गेली. ती तेथें आहे एवढ्यानेंच घरांतील बायकांस समाधान होतें. आतां पुतण्या म्हणत होता कीं, ती फळी मला कापावयास द्या.

कापावयाची कशासाठीं? तर संगणकाच्या पेटीसाठीं!

आमचा पुतण्या स्थापत्यविशारदांच्या नकाशांवरून न बांधलेल्या घरांचीं हुबेहूब चित्रें संगणकावर तयार करतो. पूर्वीं तो मुंबईस असे. आतां घरीं बसून तेंच काम करतो, ही गोष्ट एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें लहान नव्हे. परंतु एक एक चित्र उमटावयास यंत्रास रात्र रात्र राबावें लागतें आणि यंत्र तापतें. नेहमींच्या पेटींत पंखे बाहेरची हवा आंत ओढतात. डहाणूची हवा खारट आणि दमट. दोन वर्षांत दोन वेळां आंतील मुख्य पाटी गंजून निकामी झाली. तिसऱ्या वेळीं मुंबईस परत जावें लागेल, असें तो बोलून गेला, आणि त्या दिवसापासून बंधूंची झोप उडाली होती.

यावर त्यानें शोधलेला उपाय पाण्याचा. आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें. तेव्हां विजेच्या यंत्रांत पाणी खेळविणार हें ऐकून प्रथम आम्हांस तर्कशास्त्र आठवलें. अन्नंभट्टानें जलाचें लक्षण शीत स्पर्श असें केलें आहे. आम्हीं तें पुतण्यास सांगितलें, तर तो म्हणाला, “मोठे काका, येथें पाणी थंड असण्याचा प्रश्नच नाहीं. खोलींत जितकी उष्णता, त्याहून हें पाणी कधींच थंड होणार नाहीं. तें फक्त हमाल आहे. इकडची उष्णता तिकडे नेऊन टाकतें.” यावर आम्हीं त्यास सांगितलें कीं, नैयायिकही तापलेल्या पाण्यांतील उष्णता पाण्याची न मानतां त्यांत शिरलेल्या तेजाची मानतात, म्हणजे हमालाच्या डोक्यावरचें ओझें हमालाचें नव्हे. तो हंसला, पण त्यास तें आवडलें असें दिसलें.

कल्पना नवी नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालूं लागलेल्या ‘टिफरॅक’ यंत्रांत सुमारें २७०० निर्वात नळ्या होत्या. त्या काळीं यंत्र तापणें हा नित्याचाच प्रश्न होता. १९८५ च्या अमेरिकन ‘क्रे-२’ महासंगणकाचे अवयव तर सबंधच एका वीज न वाहणाऱ्या द्रवांत बुडविलेले असत. आपल्या पुण्यास पाषाणच्या विज्ञानशिक्षण संस्थेंत २०१९ सालीं जो महासंगणक बसला, त्याचीही उष्णता द्रवानेंच वाहून नेतात. त्या यंत्राचें नांव ‘परम ब्रह्म’. परब्रह्मासही निवविण्याची गरज पडावी, ही गोष्ट आमच्या गुरुजींस सांगितली असती तर त्यांनीं आम्हांस वर्गाबाहेर उभे केलें असतें.

पुतण्याचें यंत्र माडीवरच्या खोलींत उघड्या सांगाड्यावर मांडलेलें होतें. त्याचें वर्णन थोडक्यांत असें: ज्या दोन अवयवांस सर्वांत अधिक ताप, त्यांच्या पाठीस तांब्याचे चौकोनी ठोकळे घट्ट बसविलेले, ठोकळ्यांच्या पोटांत केंसासारख्या बारीक चरा, त्यांतून पाणी जातें, तापतें, आणि बारा व्होल्टच्या लहानशा पंपाच्या जोरावर पुढें रेडिएटरांत जाऊन निवतें. तेथून परत. बाजारांत यासाठीं सुबक रेडिएटर मिळतात, पण मोठे फार महाग. म्हणून यांनीं चारोटीच्या बाजूस भंगारांतून एका जुन्या जीपगाडीचा तांब्या-पितळेचा रेडिएटर मिळविला. ॲल्युमिनियमचा मुद्दाम घेतला नाहीं, कारण तांबें आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यांत राहिलीं म्हणजे दुसरें झिजूं लागतें. आंतील कीट काढण्यास आमच्या भावजयबाईंनीं देवांच्या उपकरण्यांप्रमाणें चिंच सुचविली होती. शेवटीं लिंबाचें सत्त्व वापरलें गेलें, म्हणजे तत्त्वतः त्यांचाच सल्ला मानला गेला.

आम्हीं जुन्या सवयीनें कागद घेऊन हिशेब मांडला. दोन्ही अवयव भरात असतां मिळून सुमारें साडेचारशे वॅट उष्णता, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीच्या निम्म्यास थोडी कमी. सर्व नळ्यांत मिळून पांच लिटर पाणी. रेडिएटर नसता तर हें पाणी दर मिनिटास सव्वा अंशाहून किंचित् अधिक तापलें असतें आणि तीस अंशांचें साठ अंशांवर जावयास पाऊण तासही नको, तेवीस-चोवीस मिनिटेंच पुरलीं असतीं. तेवढ्याच घनफळाच्या हवेच्या मानानें पाणी सुमारें साडेतीन हजार पट उष्णता पोटांत घेतें, पण पोटांत घेतलेलें कोठेंतरी टाकावें लागतेंच. म्हणून रेडिएटर पेटीच्या पाठीस, खिडकीकडे तोंड करून बसविला होता. आणि खारी हवा लागते ती फक्त त्याच्या काळ्या रंगविलेल्या पितळेस, आंतील नाजूक पाट्यांस नव्हे.

या सर्व कामांत पुतण्याचा एक जोडीदार होता. तलासरी तालुक्यांतील वारली तरुण. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत फिटरचें काम शिकलेला, उंबरगांवच्या कारखान्यांत नोकरीस. जीपच्या रेडिएटरचें तोंड दीड इंचाचें आणि नळी अर्ध्या इंचाची. त्यांची सोयरीक जुळविणारा पितळी जोडतुकडा यानें लेथवर कातून, डाख देऊन बसविला होता. आम्हीं त्यास “तुम्ही” म्हणूं लागलों, तों तो म्हणाला, “गुरुजी, मला तूं म्हणा. आमच्या शाळेंतले गुरुजी तूंच म्हणत.” ताठ काचेसारख्या नळ्या पुतण्याच्या मनांत भरल्या होत्या; त्या फार शोभिवंत दिसतात खऱ्या. पण या तरुणानें एकच गोष्ट सांगितली: धुंदलवाडीच्या वेळीं त्याच्या घरचे पत्रे रात्रभर वाजत होते, आणि ताठ नळीचा सांधा असा वाजूं लागला कीं तो गळणारच. त्यानें मऊ नळ्या घालावयास लावल्या, आणि प्रत्येक वळणावर थोडी ढील ठेविली. ज्या भूमींत राहावयाचें तिच्या स्वभावास धरून यंत्र करावें, हें त्याचें शहाणपण छापील माहितीपत्रकांत मिळालें नसतें.

फळीचा निकाल देण्यापूर्वीं त्याचें घर पाहावें असें आम्हांस वाटलें. वाटेंत कोसबाडच्या टेकडीवर थांबलों. शिक्षकाच्या पेशांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास कोसबाड वगळून जातां येत नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें जें काम आरंभिलें, तें १९५७ सालीं येथें आलें. अनुताई वाघ त्यांच्या जोडीस होत्या. पाड्यावरचीं मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळा त्यांच्या अंगणांत न्यावी; मुलें गुरांमागें जातात, तर शाळा कुरणांत न्यावी, असा त्यांचा खाक्या. परदेशी, महागडीं साधनें परवडत नव्हतीं. तेव्हां बिया, शिंपले, पानें, काड्या यांवर गणना आणि रंग शिकविले. टेकडीवरून पश्चिमेस समुद्राची रेघ आणि तें धुराडें दिसत होतें. जोडीदार म्हणाला, त्याची आजी असल्याच एका अंगणवाडींत चिंचोके मोजावयास शिकली होती.

तलासरी हें मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचें गांव. मालमोटारींचा अखंड रेटा, टायरवाल्यांचीं दुकानें, धाबे. यांत थांबण्याजोगें कांहीं नाहीं असें वाटून प्रवासी पुढें गुजरातेंत शिरतो. परंतु याच तालुक्यांत झरी येथें मे १९४५ मध्यें वारल्यांची परिषद भरली आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं वेठ न करण्याचा निश्चय झाला. वेठ म्हणजे मोबदल्यावांचून सावकार-जमीनदाराच्या शेतावर राबणें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत जमावावर गोळीबार होऊन माणसें मेलीं. हा इतिहास आम्हीं वाचलेला होता. पण ज्या पाड्यावर आम्ही गेलों तेथें तो वाचावा लागत नाहीं.

कारवीच्या कुडाचें घर, शेणामातीनें लिंपलेलें, वर गेरूचा हात. जोडीदाराच्या आईनें आम्हांस पाट दिला आणि कोरा चहा केला. पुतण्याच्या मनांतून पेटीच्या एका अंगास वारली चित्र हवें होतें, आणि तेंही लग्नाचा चौक. तो म्हणे, चौक सर्वांस ओळखूं येतो, शोभेल. बाईंनीं ऐकून घेतलें आणि स्पष्ट नाहीं म्हणून सांगितलें. चौक लग्नाचा, तो सवाशिणींनीं काढावयाचा, धवलेरीनें गाणीं म्हणावयाचीं, त्यांत पालघट देवी यावयाची. देवी यावयाची ती जागा खोक्यावर कशी काढूं? पुतण्या वरमला. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं कागदावर चित्रें काढून ही कला जगभर नेली, २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, हें त्यानें सांगून पाहिलें. बाई म्हणाल्या, त्यांचें त्यांच्यापाशीं. मग थोड्या वेळानें त्यांनींच विचारलें, “या खोक्यांत पाणी फिरतें ना? मग विहीर काढते.”

गेरू दिलेल्या फळकुटावर त्यांनीं बांबूच्या चेंचलेल्या काडीनें, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांनीं विहीर काढली. वरून पाहिलेली गोल विहीर, कडेनें कळशा घेतलेल्या बायका, एक शेंदणारी, एक घराकडे निघालेली, आणि कोपऱ्यांत पाण्याकडे मान लांबविलेला कुत्रा. दोन तास लागले. आम्हीं तितका वेळ स्वस्थ बसून कोणतीही गोष्ट पाहिल्यास बरेच दिवस झाले होते.

परततांना आम्हीं पुतण्यास बाजूस घेऊन विचारलें कीं, या मित्राच्या श्रमाचें काय? मैत्रीचें काम, असें म्हणून भागणार आहे काय? त्यानें उत्तर न देतां खिशांतून वही काढली. तींत जोडीदाराचे तास तारीखवार टिपलेले, दर लिहिलेला, आणि पुढें अशी पेटी कोणास करून विकली तर निम्मा वाटा त्याचा, असें दोघांच्या सह्यांनिशीं नमूद. आईच्या चित्राची मात्र नोंद नव्हती. ती आम्हीं तेथेंच, गाडीच्या टपावर वही ठेवून, करावयास लाविली. जोडीदार नको नको म्हणत होता. आम्हीं ऐकलें नाहीं.

त्या रात्रीं गळतीची परीक्षा होती. वास्तविक गळती हा आपल्याकडे मानाचा शब्द. शंकरावर श्रावणांत टांगतात ती गळती ठिबकलीच पाहिजे. येथें मात्र एक थेंब ठिबकला तर लाखांची राख. म्हणून यंत्राचे बाकी सर्व भाग विजेपासून तोडून केवळ पंप चालूं ठेवावयाचा, प्रत्येक सांध्याखालीं टीपकागद घालावयाचा आणि चोवीस तास वाट पाहावयाची. भरण्यास ऊर्ध्वपातित पाणी आणि शेवाळ न धरावें म्हणून औषधाचे थेंब. भावजयबाई गंगोदकाची लोटी घेऊन वर आल्या होत्या. त्यांत क्षार असतात हें पुतण्यानें त्यांस फारच अदबीनें समजाविलें आणि लोटी खिडकींत ठेवून घेतली. पंप सुरू झाला. नळ्यांतून बुडबुडे धांवले, मग थांबले, मग नुसतें कान दिला तर कळेल एवढें गुणगुणणें राहिलें. जोडीदारानें मेज दोन्ही हातांनीं धरून गदगदां हलविलें. ही भूकंपाची तालीम. बंधु दारांत उभे राहून पाहत होते. त्यांचें यंत्राकडे लक्ष नव्हतें, मुलाच्या तोंडाकडे होतें.

सकाळीं रेडिएटरखालच्या कागदावर हरभऱ्याएवढा डाग होता. पुतण्या मटकन् खालीं बसला. जोडीदारानें कागद उजेडांत धरला, नखानें सांधा चांचपला आणि म्हणाला कीं, डाख पक्का आहे, पट्टी ढिली आहे. जुनी पट्टी काढून रुंद पट्टी आवळली, पुनः मेज हलविलें, पुनः चोवीस तास. दुसऱ्या सकाळीं सर्व कागद कोरे होते. मग विजेच्या तारा जोडल्या, एका न बांधलेल्या घराचें चित्र कामास लाविलें आणि दुपारच्या जेवणापर्यंत आम्ही सर्व जण पाण्याच्या उष्णतेचा आंकडा पाहत बसलों. खोलींत एकतीस अंश. पाणी अडतिसावर जाऊन तेथेंच थबकलें.

जेवतांना बंधूंनीं विचारलें, “दादा, मग फळीचें काय?” आम्हीं भावजयबाईंकडे पाहिलें. त्या म्हणाल्या, “भाऊजी, फळी माळ्यावर आहे, त्यापेक्षां खालीं आली तर बरी. पण मधला भाग, जेथें सासूबाई बसत, तो कापूं नका.”

ही अट कोणाच्याही मनांत आली नव्हती आणि ती सर्वांस एकदम मान्य झाली. फळी खालीं उतरली. एका अंगास कड्यांचीं भोकें, मध्यें वर्षानुवर्षांच्या बसण्यानें आलेला किंचित् खोलगटपणा, बोट फिरवल्यावांचून न कळणारा. जोडीदारानें खडूनें आंखणी केली: दोन्ही टोकांचे दोन-दोन फूट पेटीस, मधले दोन फूट अखंड. कड्यांचीं भोकें त्यानें बुजविलीं नाहींत. त्यांतूनच नळ्या आंत घ्यावयाचें ठरविलें. करवत चालली तेव्हां सागाचा जो वास सुटला, त्यानें शेजारचीं मुलेंही धांवत आलीं. पेटीची डावी बाजू सागाची, उजवी विहिरीच्या चित्राची, पाठ जीपगाडीची.

मधल्या तुकड्यास खालीं दोन आडव्या पट्ट्या ठोकून पाट केला आहे. तो देवघरांत ठेवावा कीं जेवावयास घ्यावा, यावर आम्ही निघेपर्यंत घरांत एकमत झालें नव्हतें.